मराठीतला दम, हिंदीतला दम

भाईंदर पूर्वेला इमारती एकदाच्या संपतात आणि मिठागरं सुरू होतात. परवा तिकडून रिक्षानं येताना सहज बाहेर पाहिलं, तर बांधावर पांढरे ढीग दिसले. छोटे छोटेच, नुकते ओढून ठेवलेले. दोन ढिगांच्या मधून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. रिक्षावाल्याला त्याचं काय, तो आपला फोनवर बोलत होता. मी मात्र ते मागे पडेपर्यंत मान वळवून बघत राहिले. मिठाचे दिवस परत आले होते.

आंब्यांचे दिवस असतात, परीक्षेचे असतात, लग्नसराईचे असतात. मिठाचे दिवस असं कुणी म्हणत नाही. परळ सोडून मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण मीठ कधी पिकतं याची चौकशी मीही कधी केली नव्हती. पिशवी फोडायची, बरणी भरायची, विषय संपला. गेल्या वर्षी थंडी सरता सरता ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हार्ट अटॅक आला, आणि त्यानंतरचे सगळे दिवस मी त्या ढिगांकडे बघत काढले. ते वाढताना पाहिले, झाकले जातानाही पाहिले. तेव्हापासून माझ्यापुरता तो एक वेगळाच ऋतू होऊन बसला आहे.

आणि गंमत बघा, डॉक्टरांनी पहिलं काय बंद केलं असेल, तर मीठच. स्टेंट घातला, जीव वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर झाला होता. पंपिंग कमी आहे, म्हणाले. गोळ्या, मिठाला चिमटीचा हिशेब, आणि रोज थोडा थोडा व्यायाम. व्यायामानं दुबळा भाग पूर्वीसारखा होणार नाही, पण उरलेला भाग काम शिकेल. मी मान डोलावली. घरी येऊन बरणीतलं मीठ वरच्या फळीवर ठेवलं आणि स्टुलावरून उतरताना मला एकदम रडू आलं. अळणी आमटीचा वास वेगळा असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शिजलेल्या डाळीचा वास येतो, आमटीचा येत नाही.

उत्तनहून मासे घेऊन येणारी फिलोमिना आमच्या दारात वर्षानुवर्षं बसते. तिला बातमी आधीच लागली होती. सुक्या बोंबलांच्या पाटीवर तिनं फडकं ओढलं आणि म्हणाली, "सुकं न्हाय देणार तुला, बाय. त्यात मीठ हाय. सायब बरं होऊ दे, मंग ने." ओले बोंबील दिले आणि वर चार जास्तीचे टाकले. बरं होऊ दे, हे ती इतक्या सहज म्हणाली की मला तिचा हेवा वाटला.

त्या आधी आमच्या घरात कुणाला शरीर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते आहे हे लक्षात येत नसे. ह्यांनी बादली उचलली, जिना चढले, पंख्याला हात घालून पुसला, यात बघण्यासारखं काय होतं? आता बघण्यासारखं सगळंच होतं. हे खुर्चीतून उठले की मी कणीक मळता मळता थांबायची. शर्टाचं बटण लावताना हात छातीपाशी जरा रेंगाळला, की मी विचारायची, "काय झालं?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"अगं, बटण लावतोय."

माझं निम्मं आयुष्य या 'काही नाही'ला टक्कर देण्यात गेलं आहे. पण तेव्हा त्या दोन शब्दांच्या पलीकडे खरोखर काय आहे, हे कळणं गरजेचं होतं, आणि ते कळायचा मार्ग एकच होता. ह्यांनी सांगायचं. माझ्या स्वतःच्या छातीत काय चाललंय ते मला कळतं. दुसऱ्याच्या छातीत, मग तो जन्माचा जोडीदार का असेना, आपल्याला शिरता येत नाही. इतकं जवळ राहून इतकं बाहेर राहावं लागतं, याचा मला रागच यायचा.

त्यात ह्यांचा स्वभाव. स्वभाव तरी कसा म्हणू, ते शिक्षण होतं. हे परळच्या मैदानातले कबड्डीपटू. खेळाच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागली, इतके चांगले. चढाई करणारे. समोरच्यांच्या अंगणात एकट्यानं शिरायचं, तोंडानं कबड्डी कबड्डी चालू ठेवायची, गडी मारायचा आणि तो एक श्वास पुरेपर्यंत परत मध्यरेषेवर यायचं. त्या श्वासाला कबड्डीत दम म्हणतात. दम तुटला की तुम्ही बाद. म्हणून दम संपत आलाय हे समोरच्या सात जणांना कळू द्यायचं नसतं. चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही, हे ह्यांनी मिसरूड फुटायच्या आधी शिकून घेतलं होतं. आता समोर सात जण नव्हते. मी एकटी होते.

हॉस्पिटलातला व्यायामाचा विभाग लांब होता, रोज जाणं झेपणारं नव्हतं. म्हणून त्यांच्या फिजिओथेरपिस्टनं फोनवरून व्हिडिओ कॉल करून शिकवायचं ठरलं. प्रियांका तिचं नाव. बनारसकडची, बोलायला गोड, मराठी समजायची पण बेतानं. तिनं एक पायरी चढायची-उतरायची असा व्यायाम दिला. उंच पायरी नको, अगदी बुटकी. मी माळ्यावरून पाट काढला. लग्नात ह्यांना ज्याच्यावर बसवून ओवाळलं तोच. त्याच्या पितळी फुल्यांवरची धूळ पुसली आणि हॉलच्या मध्यभागी मांडला. ह्यांनी पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुन्हा ओवाळतेस की काय?" अटॅकनंतरचा तो त्यांचा पहिला विनोद.

पाय नीट पडतात का ते दिसावं म्हणून प्रियांकानं फोन खाली ठेवायला सांगितला होता. मी तो रव्याच्या डब्याला टेकवला. तिला ह्यांचे पाय दिसत होते. चेहरा दिसत नव्हता. मी स्वयंपाकघरात दुधाखालचा गॅस बारीक करत होते. बाहेर पाटाचा खट खट आवाज, आणि मग ह्यांचा.

"मॅडम, दम लग रहा है."

"बहुत बढ़िया अंकल! दम लगाइए, थोड़ा और लगाइए."

खट खट चालू राहिली. जलद झाली.

"मॅडम, दम बहोत लग रहा है."

"अरे वाह! शाबाश! बस ऐसे ही!"

दूध सोडून मी धावले. हे पाटावर चढत होते, ओठ पांढरे पडलेले, कपाळावरून घाम ओघळतोय, आणि नजर समोरच्या भिंतीवर, मध्यरेषेवर असावी तशी. मी ओरडले, "अहो, थांबा!" ते थांबले आणि पाटावरच बसले. मागे दूध उतू गेल्याचा वास आला. फोनमधून प्रियांका विचारत होती, "क्या हुआ आंटी? अंकल तो इतना अच्छा कर रहे थे."

"काय अच्छा? दम लगता है बोल रहे हैं ना वो!"

"हाँ, तो दम लगाना ही तो है..."

मग मी छातीवर हात आपटून धापा टाकून दाखवल्या. तेव्हा कुठे तिला कळलं. तिच्या हिंदीत दम लावणं म्हणजे जोर लावणं. आमच्या मराठीत दम लागणं म्हणजे श्वास अपुरा पडणं. हे सांगत होते, मला श्वास पुरत नाही. ती ऐकत होती, मी जोर लावतोय. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी आंटी, सॉरी अंकल" चालूच. हे पाटावर बसल्या बसल्या हात हलवून म्हणाले, "कुछ नहीं, कुछ नहीं." म्हणजे तेच, काही नाही.

डॉक्टरांना कळवलं, तपासणी झाली, निभावलं. एक गोळी बदलली तेवढंच. पुढे प्रियांका रोज विचारायची, "अंकल, मराठी वाला दम या हिंदी वाला?" आणि हे हसून म्हणायचे, "हिंदी वाला, हिंदी वाला." आम्हीही हसायचो. पण मला आतून एक गोष्ट खात होती, अजून खाते. आमच्या उभ्या संसारात ह्या माणसानं पहिल्यांदा आपण होऊन कबूल केलं होतं की मला दम लागतोय. एकदा नाही, दोनदा. आणि समोरून उत्तर काय आलं, तर अजून लावा. चूक कुणाची म्हणायची? मुलीची नाही, ह्यांची नाही. त्या दिवसानंतर 'दम लागतोय' हे ह्यांनी कधी तोंडातून काढलं नाही.

त्या एवढ्याशा शब्दाचा मी तेव्हापासून फार विचार करते. किती ठिकाणी तो मुकाट्यानं उभा असतो. मुलीला लहानपणी मी दम द्यायची. परीक्षेच्या निकालाला दम निघायचा नाही. कुणी घाई केली की आपण म्हणतो, जरा दम धर. बटाट्याचा दमआलू होतो. माणूस दमतो, आणि एखाद्याच्या बोलण्यात दम असतो. श्वास, ताकद, धीर, धमकी, थकवा, सगळं एकाच बोचक्यात बांधलेलं. कोणत्या वेळी कोणतं बाहेर काढायचं ते आपलं माणूस बरोबर ओळखतं, असं मी समजत होते.

पाटानंतर चालायचं ठरलं. सोसायटीच्या आवारात दोन दिवस चाललो आणि हात टेकले. प्रत्येक फेरीला कुणीतरी थांबवायचं. तळमजल्यावरच्या भावनाबेन तर खुर्ची टाकूनच बसायच्या. "अर्जुन की छाल उबालके दो, भाभी. मेरे जेठ को तो एकदम फरक पड़ा." दुसऱ्या फेरीला लसूण, तिसऱ्या फेरीला श्वासाचे व्यायाम. माणसं प्रेमानंच बोलत होती, पण थांबून बोलायचं की चालायचं? शेवटी सकाळी रिक्षा करून मिठागरांच्या बाजूला जायचं ठरवलं. रस्ता सपाट, चढ नाही, ओळखीचं कुणी नाही. एका बाजूला पाण्यानं भरलेले वाफे, त्यात आभाळ, आणि बांधावर मीठ. वारा सुटला की ओठ खारट व्हायचे. हे जीभ फिरवायचे आणि म्हणायचे, "डॉक्टरांना सांगू नकोस."

प्रियांकानं युक्ती दिली होती. चालताना अंकलना बोलतं ठेवा. पुरं वाक्य नीट बोलता येतंय तोवर ठीक. वाक्य मध्येच तुटायला लागलं की थांबायचं. आमच्या मुलीनं बंगळुरूहून नाडी मोजणारं घड्याळ पाठवलं होतं, मी सारखी त्यात डोकवायची. प्रियांका म्हणाली, "घड़ी मत देखो आंटी. गोली से धड़कन दबी रहती है, नंबर अच्छा ही दिखेगा. अंकल को देखो." अंकलना बघायचं! ज्यांच्या चेहऱ्यावर सात-सात जणांना काही वाचता आलं नाही, त्यांना मी एकटीनं बघायचं.

पण बोलायला लागले हो. चहा आण, पेपर कुठाय, यापलीकडे ज्यांचं माझ्याशी संभाषण नव्हतं, ते मिठागराच्या रस्त्यावर बोलायला लागले. औषध म्हणून सुरुवात केली आणि मग गोडी लागली असावी. कुठल्या सामन्यात कुणाची पकड कशी फोडली, आईला न सांगता मैदानात कसे जायचे. एक दिवस म्हणाले, "तुला बघायला आलो ना, तेव्हा माझा घोटा सुजून भोपळा झाला होता. आदल्याच दिवशी सामना होता."

"लंगडत नव्हतात तुम्ही. सरळ चालत आलात की."

"मग? मुलगा लंगडा आहे म्हणाली असतीस."

मी खो खो हसले. इतक्या वर्षांनी ही बातमी. घरी येऊन भाजी निवडताना मात्र हसू ओसरलं. सुजलेल्या घोट्यानं सरळ चालत आलेला माणूस मी पसंत केला होता, आणि मला त्यातलं काहीही दिसलं नव्हतं.

ढीग वाढत गेले. बांधावर आता ते माणसाच्या उंचीएवढे झाले होते, उन्हात बघवत नसे. हेही जास्त चालायला लागले होते. मला आशा वाटायला लागली होती. अशाच एका सकाळी कबड्डीची गोष्ट सांगताना ते रंगात आले आणि चढाईतलं मर्म सांगायला लागले. "दम संपत आला ना, की नवखा पोरगा हळू बोलायला लागतो. आवाज बसतो, आणि समोरचे झडप घालतात. मी काय करायचो माहितीय? दम संपत आला की आवाज वाढवायचा. जोरात! कबड्डी कबड्डी! समोरच्याला वाटतं, अजून पुष्कळ आहे ह्याच्याकडे. मागे सरकतात सगळे."

हे ते मला जोरात सांगत होते. फार जोरात. रस्त्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि मी हाताच्या अंतरावर होते.

मागच्या सगळ्या सकाळी मला आठवायला लागल्या. रिक्षातून उतरताना हलका असलेला आवाज, आणि पार पुढच्या वळणापाशी पोचेपर्यंत खणखणीत झालेला. त्या खणखणीत आवाजाला मी सुधारणा समजत होते, मुलीला फोन करून सांगत होते, बाबांचा आवाज बघ कसा सुटलाय. मी काय करणार होते? बोललं तर ठीक, ही एकच खूण माझ्या हातात होती, आणि तीही ह्यांनी लहानपणीच उलटी करून ठेवलेली.

मी तिथेच थांबले आणि त्यांना शपथ घातली. बोलून सांगता येत नसेल तर नका सांगू. कबड्डीत गडी बाद झाला की हात वर करतो ना, तसा नुसता हात वर करा. मी काही विचारणार नाही. ते म्हणाले, "बरं." लगेच म्हणाले, म्हणून मी समजले की हा हात काही वर येणार नाही.

तो आलाही नाही. मग मी माझा मार्ग काढला. ह्यांचा आवाज चढायला लागला की मी म्हणायची, "अहो, थांबा जरा, माझे गुडघे धरले." माझे गुडघे ठणठणीत होते. पण हे लगेच थांबायचे. बांधाच्या दगडावर मला बसवायचे, स्वतः शेजारी बसायचे आणि वर मलाच सांगायचे, "तू रोज तेल लाव. दुखणं अंगावर काढू नये." मी हो म्हणायची आणि दुसरीकडे बघत त्यांचा श्वास खाली येण्याची वाट बघायची. त्यांना माझं नाटक कळत होतं का? माहीत नाही. पावसाच्या आधी मिठागरवाल्यांनी ढिगांवर झावळ्यांचे झाप आणि प्लास्टिक घातलं, तोपर्यंत आमचं हे असं चाललं.

पावसाळ्यात हे घरातच चालले, या खोलीतून त्या खोलीत. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर पडद्यावर बराच वेळ बघत राहिले. उरलेल्या भागानं काम शिकायचं होतं, ते त्याला जमलं नव्हतं. पंपिंग आणखी खाली गेलं होतं. आम्ही व्यायामात काही कसूर केली का, असं मी विचारलं. "नाही हो, तुम्ही सगळं व्यवस्थित केलंत," ते म्हणाले. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण कसूर असती तर भरून तरी काढता आली असती. आता काय भरून काढणार? चालणं सोडू नका, झेपेल तेवढंच करा, म्हणाले.

परवा ते ढीग दिसले, म्हणून काल सकाळी आम्ही गेलो. मीच आग्रह केला. हवा छान होती, वाफ्यांतलं पाणी हलत नव्हतं. रिक्षातून उतरलो. ह्यांनी नेहमीसारखी ओठांवरून जीभ फिरवली, विनोद मात्र केला नाही. चालायला लागलो. मी कान देऊन होते, आवाज कधी चढतो त्याची वाट बघत. गुडघ्यांचं वाक्य ओठावर तयार होतं. ते काही बोलत होते, मुलीच्या नव्या घराबद्दल, अगदी साध्या आवाजात. वळण अजून लांब होतं. पहिला ढीगसुद्धा आला नव्हता.

आणि ह्यांनी हात वर केला.

उंच नाही, खांद्यापर्यंतच. एखाद्याला ओळख द्यावी तेवढा. एवढे दिवस मी ज्या हाताची वाट बघितली, ज्याच्यासाठी शपथा घातल्या, तो वर आला होता, आणि मला वाटलं, खाली घ्या तो. लपवा. जोरात बोला, इतकं जोरात की मला सगळं खरं वाटू दे. मी काही म्हणजे काही विचारलं नाही. त्यांना दगडावर बसवलं, शेजारी बसले आणि सवयीनं गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं झालं थांबलात," मी म्हटलं, "माझे गुडघे आज..."

"राहू दे गं," हे म्हणाले. इतक्या हळू, की मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.